स्वतःपुरती युद्धकला: आपण अडकतो तिथून सुरुवात

तिरकीचाल

युद्धकलांवरच्या चर्चांत एक प्रश्न ठरावीक काळाने उगवतोच. माझी उंची कमी आहे, गुडघा गेलेला आहे, चाळिशी उलटली आहे, तर मी काय शिकू? मग खाली उत्तरांची रांग लागते. हात बॉक्सिंगचे घ्या, पाय तायक्वांदोचे, फेक ज्युदोची, जमिनीवरचं ब्राझिलियन जिउ-जित्सूचं, आणि झाली तुमची स्वतःची शैली! ऐकायला झकास. प्रत्यक्षात असा माणूस स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभा राहिला की पहिल्या धक्क्यालाच यातलं सगळं गळून पडतं आणि उरतं ते घाबरून मागे सरकणं.

माझं म्हणणं थोडं उफराटं आहे. स्वतःची शैली आवडीनिवडीतून सुरू होत नाही. आपण जिथे हमखास अडकतो, समोरचा आपल्याला दर वेळी जिथे आणून ठेवतो, त्या जागेपासून ती सुरू होते.

जिउ-जित्सूतला हाफ गार्ड घ्या. गार्ड म्हणजे खाली पाठीवर पडून वरच्याला पायांनी रोखून धरणं. खाली पडलेल्याने वरच्याचा एकच पाय आपल्या दोन पायांत अडकवलेला असतो. एके काळी ही जागा म्हणजे हरण्याच्या वाटेवरचा थांबा समजली जायची. गार्ड निम्मा फुटलाय, आता उरलेला कधी फुटतो ते बघा. रॉबेर्तो कोरेआ, ज्याला सगळे 'गोर्दो' म्हणतात, त्याचा गुडघा दुखावला आणि नेहमीसारखा गार्ड त्याला झेपेना. तो येऊन पडायचा तो या निम्म्या जागेत. तिथून निसटायच्या खटपटीत न पडता तो तिथेच मुक्कामाला राहिला, आणि वरच्याला उलटवायच्या इतक्या वाटा त्याने काढल्या की आज हाफ गार्ड हल्ला करायची जागा म्हणून शिकवतात. धडधाकट गुडघ्याच्या लोकांनाही.

बॉक्सर जो फ्रेझरचा डावा हात लहानपणीच्या दुखापतीमुळे पूर्ण सरळ होत नसे. बॉक्सिंगमध्ये उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा हात म्हणजे जॅब, समोरचा सरळ ठोसा, आणि जॅबला हात सरळ लांब जायला हवा. त्यात फ्रेझर प्रतिस्पर्धी मुहम्मद अलीपेक्षा बुटका आणि आखूड हाताचा. म्हणजे लांबून खेळणं त्याच्या नशिबातच नव्हतं. मग तो डोकं हलवत, वाकत, ठोशांखालून आत घुसायचा, आणि आत गेल्यावर वाकडा हात हीच सोय. हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, वाकड्या हातानेच मारायचा असतो. ८ मार्च १९७१ ला पंधराव्या फेरीत अलीला त्याने खाली पाडलं ते याच डाव्या हुकने.

तिसरं उदाहरण अँथनी रोबल्सचं. जन्मतःच एक पाय नाही. कुस्तीत तो जवळजवळ जमिनीलगत खेळायचा, त्यामुळे समोरच्यालाच त्याच्या उंचीपर्यंत खाली यावं लागे, आणि पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, जावं तर धरायला पाय एकच, तोही मागे. शिवाय एका पायाचं वजन वजा, म्हणून त्याच वजनगटात त्याचं वरचं अंग इतरांहून भारी. २०११ मध्ये तो अमेरिकेच्या एनसीएए या कॉलेजांच्या स्पर्धेत १२५ पौंड गटाचा विजेता झाला. मग काही लोक कुरकुरू लागले की पाय नसणं हा त्याला मिळालेला फायदाच आहे. आता काय बोलावं!

तर स्वतःपुरतं काही घडवायचं असेल त्यांच्यासाठी माझी सूचना साधी आहे. स्पॅरिंगचं मोबाइलवर चित्रीकरण करा. आपले चांगले ठोसे पाहण्यात वेळ घालवू नका, प्रत्येकाचा जीव त्यातच अडकलेला असतो. आपण नको त्या जागी कसे पोचतो तेवढंच पाहा. भिंतीला टेकतो? मान खाली दाबली जाते? उजवीकडे सरकताच येत नाही? महिनाभराच्या चित्रीकरणात अशा दोन-तीनच जागा परतपरत दिसतील. काम तिथे करायचं.

---

चष्मेबहाद्दर

धागा आवडला. माझाच हिशोब मांडतो, बिनधास्त चिरफाड करा.

वय एक्केचाळीस, उंची पाच फूट तीन इंच. चष्मा उणे सात. तो काढला की समोर माणूस आहे की खांब ते कळायला वेळ लागतो. उजव्या गुडघ्याचं एसीएलचं, म्हणजे आतल्या अस्थिबंधाचं, ऑपरेशन झालंय. आणि वाद्य वाजवणं हाच व्यवसाय, त्यामुळे बोटं मोडून चालणार नाही. स्पर्धेत रस नाही. कोणी अंगावर आलंच तर सुटून पळता यावं आणि आठवड्यातून दोन-तीनदा घाम निघावा, बस्स. सध्या कराटेला जातो, पण निम्मा अभ्यासक्रम लाथांचा आणि उरलेला मुठीचा! माझ्यासारख्याने काय ठेवायचं, काय सोडायचं?

---

वस्तादांचा_पठ्ठ्या

मुद्दा पटला, पण अर्धाच.

कुस्तीत प्रत्येक पैलवानाचा एक हुकमी डाव असतो. कुणाचा ढाक, कुणाचा घिस्सा, कुणाची कलाजंग. बुटका, दणकट गडी पटात घुसतो. उंच आणि लांब हातांचा वरून मानेवर भार टाकून समोरच्याला दमवतो. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे उभे करा, खेळ वेगळा दिसेल. पण 'जा, तुझी शैली घडव' असं कुणीही कुणाला सांगितलेलं नसतं. आधी सगळ्यांना तेच: दंड, बैठका, खडाखडी, पट काढणं, पट सोडवणं. ढीगभर जोडी झाल्यावर वस्तादाच्याच लक्षात येतं की या पोराचा हात कशावर बसतोय, आणि मग तो त्याला त्याच डावाच्या पुढच्या-मागच्या वाटा दाखवतो.

तुमच्या तिन्ही उदाहरणांतली माणसं आधी आपापल्या खेळात मुरलेली होती. गोर्दोला गुडघा दुखायच्या आधी जिउ-जित्सू येत होतं. हे लिहायचं राहिलंय का मुद्दाम गाळलंय?

अवांतर: खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा घडण मातीची आणि लढत मॅटवर. तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. मधल्या चार वर्षांत त्यांनी नवी कुस्ती शोधली नाही, अंगात होती तीच मॅटवर बसवली. मला 'स्वतःची शैली' म्हणजे एवढंच वाटतं.

---

कोराकागद

पण ब्रूस लीने तर सगळ्या शैलीच झुगारल्या ना? शैली माणसाला बांधून टाकते, असंच त्याचं म्हणणं होतं. मग आधी कुठल्या तरी एका शैलीत वर्षानुवर्षं घासा, हा आग्रह कशाला? सरळ आपल्याला काय लागू पडतं ते बघावं आणि घ्यावं.

---

टाटामी

कोराकागद, ब्रूस लीचं नाव आलं की निम्मी चर्चा पोस्टरवरच्या वाक्यांवर चालते. घडलं काय ते बघू.

तो हाँगकाँगला इप मान यांच्या परंपरेत विंग चुन शिकला. विंग चुन ही जवळून, हाताला हात लावून खेळायची कला. लीची नजर अधू होती, लांबचं नीट दिसत नसे, तेव्हा ही कला त्याला सोयीची होती असं म्हणायला हरकत नाही. १९६४ मध्ये ओकलंडला वाँग जॅक मन याच्याशी त्याची बंद दाराआडची लढत झाली. कोण जिंकलं यावर आजही दोन्ही बाजूंचे लोक भांडतात, पण त्यानंतर ली स्वतःच्या दमसासावर आणि त्या पद्धतीच्या मर्यादांवर नाराज होता हे त्याच्या पुढच्या वागण्यातून दिसतं. मग तलवारबाजीतून त्याने बळकट हात पुढे ठेवून उभं राहणं घेतलं, समोरच्याचा हल्ला सुरू होतानाच तो तोडणं घेतलं, बॉक्सिंगमधून पायांची हालचाल घेतली. १९६७ मध्ये आपल्या या पद्धतीला जीत कुन दो हे नाव दिलं. म्हणजे झुगारलं खरं, पण हातात काही असल्यावर.

आणि याच्या पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १९७० मध्ये त्याने आपल्या शाळा बंद करायला लावल्या. आपण स्वतःसाठी काढलेली उत्तरं विद्यार्थी घोकू लागतील ही त्याची धास्ती होती. स्वतःपुरत्या शैलीची ही मेख आहे. ती दुसऱ्याला देता येत नाही. त्याचा उजवा हात पुढे असायचा म्हणून आपणही ठेवायचा, तर आपण लीसाठी शिवलेला कपडा घालून फिरतोय.

पठ्ठ्या, तुमच्याशी सहमत. ज्युदोतही हुकमी डावाला मान आहे, तोकुई वाझा म्हणतात. जुन्या पद्धतींत माणसाला जागा नव्हती हा गैरसमज आहे. फक्त ती जागा पहिल्या दिवशी मिळत नाही.

---

शंकासुर

आता माझी नेहमीची भूमिका बजावतो.

तिरकीचाल, तुमची उदाहरणं म्हणजे जिंकलेल्यांची वरात आहे. गुडघा दुखावल्यावर हाफ गार्डमध्ये अडकलेले आणि तिथेच चिरडले गेलेले किती असतील? त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. फ्रेझरसारखा वाकडा हात असलेले आणि त्यामुळे बॉक्सिंग सोडलेले? तेही नाहीत. 'अडचणीतून शैली घडते' हे मागे वळून पाहताना खरं वाटतं. पुढे पाहताना माझ्याकडे फक्त दुखरा गुडघा असतो.

दुसरं. कमतरतेभोवती खेळ बांधला की ती कमतरता पक्की होते. ज्याला उजवीकडे सरकता येत नाही त्याने उजवीकडे सरकायला शिकावं, की न सरकण्याची शैली काढावी? आळसाला शैली म्हणणारे मी बरेच पाहिलेत. 'माझा स्टाइलच असा आहे' म्हणून हात खाली ठेवतात आणि नाकावर खातात.

---

झुळूक

मी थोडी वेगळ्या बाजूने लिहिते. वर सगळे शरीरातून गरज काढताहेत. उंची, गुडघा, हात. माझ्या मते गरज आधी प्रसंगातून काढावी.

बायकांसाठीचे स्वसंरक्षणाचे बहुतेक वर्ग एक चित्र गृहीत धरतात: अनोळखी माणूस, अंधार, अचानक झडप. प्रत्यक्षात त्रास देणारा पुष्कळदा ओळखीचा असतो, घरातला किंवा कामाच्या ठिकाणचा. तिथे पहिल्याच क्षणी डोळ्यांत बोटं घालायची, हे कुणाच्याही हातून होत नाही. सुरुवात होते ती मनगट धरण्यातून, खांद्यावर हात ठेवण्यातून, दाराशी वाट अडवण्यातून. म्हणजे मला लागतं ते असं: समोरच्याच्या अंतराचा अंदाज, मोठ्या आवाजात स्पष्ट 'थांब' म्हणता येणं, धरलेला हात सोडवणं, भिंतीपासून बाजूला येणं, आणि यातलं काहीच चाललं नाही तर जोरात मारणं. यातली पहिली दोन कुठल्याच बेल्टच्या परीक्षेत नसतात.

मनगट सोडवायचा प्रकार घ्या. वर्गात जोडीदार हात सैल धरतो, आपण अंगठ्याच्या फटीतून झटकन काढतो, टाळ्या. तोच जोडीदार खरोखर आवळून धरू दे आणि दुसऱ्या हाताने ओढू दे, मग कळतं की नुसतं मनगट फिरवून भागत नाही. आधी पाय पुढे टाकून त्याच्याकडे जावं लागतं, कोपर त्याच्या पुढच्या हाताजवळ न्यावं लागतं, मग पकड सुटते. ओढणाऱ्याच्या विरुद्ध खेचत राहिलं की बळाची स्पर्धा होते आणि ती मी हरणार, हे उघड आहे. हे मला कुणी तोंडी सांगितलं नाही. जोडीदाराला 'सोडू नकोस' म्हटल्यावर समजलं.

---

टाटामी

झुळूकताई, शेवटचं वाक्य चौकटीत लावावं असं आहे. याच मुद्द्यावर ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांची आठवण काढतो.

कानो अंगाने लहानखुरे होते. तेन्जिन शिन्यो र्‍यू आणि कितो र्‍यू या दोन जुन्या जुजुत्सू परंपरा ते शिकले आणि १८८२ मध्ये त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. लोकांना वाटतं त्यांनी दोन परंपरांतलं उत्तमोत्तम निवडून एकत्र केलं. निवडलं तर खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी धोकादायक प्रकार मोकळ्या सरावातून बाहेर काढले आणि काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, म्हणून वेगळे जपले. उरलेलं सगळं पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करता येऊ लागलं. डोळ्यात बोट घालण्याचा सराव खरेपणाने करता येत नाही, फेकण्याचा येतो. कागदावर कमी घातक असलेली पद्धत अंगात मात्र जास्त मुरते ती या कारणाने.

स्वतःची शैली काढणाऱ्यांची गाडी इथेच अडते. स्वतःच शोधलेला डाव, स्वतःचाच मित्र जोडीदार, आणि मित्र कौतुकाने पडतो. दोन वर्षांनी डाव तसाच आणि आत्मविश्वास दुप्पट. माझ्याकडे येणाऱ्यांना मी त्यांचा लाडका डाव आधी त्यांच्याहून जड माणसावर, मग हलक्या आणि चपळ माणसावर, मग तो डाव माहीत असलेल्यावर करायला लावतो. तिसऱ्यावर चालला तर ठेवायचा.

शंकासुरांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा पाठिंबा. शिकून दूर होणारी कमतरता ही शैलीचा पाया नव्हे. ती कमतरताच.

---

तिरकीचाल

बरेच प्रश्न साचले.

पठ्ठ्या, मुद्दाम गाळलं नव्हतं, पण तुमची दुरुस्ती हवीच होती. एका पद्धतीत अंग तयार नसेल तर आपण कुठे अडकतो हेही कळत नाही. नवखा सगळीकडेच अडकतो. नवख्याने हा धागा वाचून मुक्कामाची जागा शोधायला निघू नये.

शंकासुर, वरातीचा मुद्दा वजनदार आहे. म्हणूनच एक बिनवरातीचं उदाहरण. सोव्हिएत रशियात सांबो हा तिथला कुस्तीसारखा प्रकार घडत होता तेव्हा दोन माणसं वेगवेगळं काम करत होती. वासिली ओश्चेपकोव्ह कोदोकानमध्ये शिकलेला, दणकट ज्युदोवाला. व्हिक्टर स्पिरिदोनोव्हचा हात पहिल्या महायुद्धात जखमी होऊन निकामी झालेला. त्याची पद्धत साहजिकच ताकदीपेक्षा समोरच्याच्या जोराचा उपयोग करून घेण्याकडे झुकलेली. १९३८ मध्ये सांबोला अधिकृत खेळ म्हणून मान्यता मिळाली, आणि आज मॅटवर दिसतो तो खेळ ओश्चेपकोव्हच्या वळणाचा जास्त आहे. स्पिरिदोनोव्हची पद्धत खेळ म्हणून जिंकली नाही. पण त्याला स्वतःला उपयोगी पडणारं दुसरं काय होतं? स्वतःपुरत्या शैलीला 'ही सर्वांत चांगली का' असं विचारायचंच नसतं. 'याच्याशिवाय या माणसाकडे काय होतं' हा तिचा प्रश्न.

शिकून दूर होणारं आणि न होणारं, हा फरक मान्य. उजवीकडे सरकणं शिका. उंची शिकता येत नाही.

आता चष्मेबहाद्दर.

तुमच्याबाबतीत न बदलणाऱ्या गोष्टी चार: नजर, उंची, गुडघा, बोटं. चारही एकाच दिशेला बोट दाखवतात, हे तुमचं नशीब समजा. लांबचं दिसत नाही, हात आखूड, उड्या आणि गिरक्या नकोत. म्हणजे लांबचं अंतर तुमचं नव्हे. तुम्हाला एक तर पूर्ण बाहेर राहायचंय, किंवा पूर्ण आत, अंगाला अंग लावून. मधला पट्टा, जिथे ठोसे आणि लाथा फिरतात, तो लवकरात लवकर पार करायचा.

आत गेल्यावर डोळ्यांची गरज झपाट्याने कमी होते. दृष्टिबाधितांचं ज्युदो १९८८ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे आणि त्यात लढत सुरूच होते ती दोघांनी एकमेकांना धरून. एकदा स्पर्श झाला की समोरच्याचं वजन कुठे जातंय ते हातांना आणि छातीला समजतं. हे तुम्ही डोळे मिटून जोडीदाराबरोबर करून पाहा, सावकाश. चष्मा पडल्यावर काय, ही भीती बरीचशी तिथेच विरते.

मग काय ठेवायचं? दोन्ही हातांनी डोकं झाकून आत घुसणं. एक हात समोरच्याच्या काखेखालून घालणं, कपाळ त्याच्या छातीला किंवा हनुवटीखाली. तुमची उंची कमी असल्याने काखेखालची जागा तुम्हाला आयती मिळते. उंच माणसाला त्यासाठी वाकावं लागतं. तिथून त्याच्या पाठीमागे जाणं, आणि पाठीमागून ढकलून पळणं. सुटून पळायचं हीच तुमची गरज ना? मग पाडायच्या भानगडीत पडायचं कारण नाही. पाडताना एका पायावर उभं राहून वळावं लागतं असे डाव तर अजिबात नकोत.

मुठीऐवजी तळहाताचा खालचा टणक भाग, हाताची बाजू आणि कोपर. ग्लोव्हज न घालता मुठीने कवटीवर मारलं की करंगळीच्या मागचं हाड मोडतं, इतक्या वेळा की त्या मोडण्याला 'बॉक्सरचं फ्रॅक्चर' असंच नाव पडलंय. तुम्ही वाद्य वाजवता म्हणून आणखी एक सांगतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: ज्युदो किंवा गी (जाड कापडाचा पोशाख) घालून जिउ-जित्सू लावायचा विचार असेल तर कॉलर-बाही आवळून धरण्याने बोटांच्या सांध्यांची वर्षानुवर्षं वाट लागते. बिनगीचा वर्ग निवडा. तिथे पकड मनगटाने, कोपराच्या खोबणीने, अख्ख्या हाताच्या विळख्याने होते.

लाथांपैकी समोरची, कमरेखालची ठेवा. गोल लाथेत टेकलेल्या पायाचा तळवा फिरावा लागतो. तो मॅटला चिकटला की सगळा पीळ गुडघ्यात जातो. उजव्या पायावर टेकून गोल लाथ तुमच्यासाठी बंद.

आणि एवढ्या नंबरच्या चष्म्याला डोळ्यातला पडदा (रेटिना) सरकण्याचा धोका मुळातच जास्त असतो, त्यात डोक्याला मार नको. डोक्यावर ठोसे पडतील असं स्पॅरिंग सुरू करायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन पडदा तपासून घ्या. हे फोरमवर विचारून ठरवायचं काम नव्हे.

---

कोराकागद

एवढंच? घुसणं, काख, पाठीमागे, पळ. यात युद्धकला कुठे आली? दहा डाव तरी असायला हवेत हाताशी.

---

शंकासुर

कोराकागद, या एका मुद्द्यावर मी तिरकीचालच्या बाजूने (तारीख लिहून ठेवा).

१९५२ मध्ये हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की समोर पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो. साधा दिवा लागल्यावर बटण दाबायलाच माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. त्यात 'आता कुठलं बटण' हे ठरवायचं आलं की आणखी. प्रयोगशाळेतला दिवा आणि अंगावर धावून येणारा माणूस एक नव्हेत, आणि भरपूर सरावाने हा फरक बराच कमी होतो, हे मान्य. पण भरपूर सराव दहा गोष्टींचा होतो की तीनांचा? चष्मेबहाद्दर आठवड्यातून दोन-तीनदा जाणार आहेत.

---

साठीपार

तरुण मंडळींचं चालू द्या, पण माझ्या वयात गरज कुठली ते सांगतो. माझ्यावर हल्ला करणारा बहुधा ओला जिना असेल.

हसू नका. जगभरात अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडणं येतं, आणि त्यात वयस्कर लोक जास्त. मी ताई ची, ती संथ हालचालींची चिनी कला, करतो आणि सोबत पडायचा सराव करतो. ताई चीमुळे म्हाताऱ्यांचं पडणं कमी होतं यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेले आहेत. माझ्या अनुभवात तिथली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पूर्ण वजन एका पायावर गेल्याशिवाय दुसरा न उचलणं. दिसायला कंटाळवाणं.

पडण्याचा सराव मात्र ज्युदोच्या पोरांसारखा धाडकन हात आपटून करत नाही. हाडं ठिसूळ असतील तर मनगट तिथेच जायचं. मी बसलेल्या अवस्थेतून, हनुवटी छातीला लावून, गोल होत मागे लोळतो. डोकं जमिनीला लागायला नको, एवढं एकच ध्येय. माझी शैली विचाराल तर ही: लोळणं आणि उठून उभं राहणं. बेल्ट कुणी देत नाही.

---

टाटामी

साठीपार, दंडवत. फक्त उठण्याचाही वेगळा सराव ठेवा, एका गुडघ्यावर येऊन, हाताशी काही आधार नसताना. पडणं शिकवणारे पुष्कळ, उठणं शिकवणारे कमी.

---

झुळूक

तिरकीचाल, चष्मेबहाद्दरांना दिलेलं उत्तर छान आहे, पण 'आत घुसा' हे सगळ्यांनी उचलू नये. समोरच्याच्या हातात चाकू असेल तर हेच अंतर सगळ्यात वाईट. आणि वजनात तीस किलोंचा फरक असेल तर काखेत शिरलेली मी उचलली जाईन. माझ्यासाठी पूर्ण बाहेर राहणं हेच पहिलं, आत जाणं नाइलाजाचं.

---

तिरकीचाल

शंभर टक्के. त्यांचा उपाय तुम्हाला लागू नाही, म्हणून तर तो स्वतःपुरता. चाकूचं म्हणाल तर त्यांनाही तेच: अंतर असेल तर पळा, पाकीट मागतोय तर फेकून पळा.

---

चष्मेबहाद्दर

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवलीय. एक व्यावहारिक अडचण. आमच्या सरांना हे सांगायचं कसं? 'सर, मला गोल लाथ मारायची नाहीये' म्हटलं की त्यांना वाटणार पठ्ठ्या कामचुकार आहे. आणि पुढच्या बेल्टच्या परीक्षेत ती लाथ आहेच.

---

टाटामी

क्लास सुरू असताना सगळ्यांसमोर सांगू नका. आधी किंवा नंतर, एकट्यात. ऑपरेशनची फाइल दाखवा आणि 'ही करणार नाही' एवढ्यावर थांबू नका, 'याच्या जागी ही करू का' असं विचारा. गोल लाथेच्या जागी समोरची, टेकलेल्या पायावर वळावं लागतं तिथे आधी पाऊल टाकून मग वळणं. शिक्षकाला नकारापेक्षा पर्याय दिला की तो तुमच्या बाजूने विचार करू लागतो. दुखापत असलेल्यांना परीक्षेत बदल करून देणाऱ्या संघटना आहेत, मात्र ते परीक्षेच्या दिवशी मागायचं नसतं, अर्ज भरतानाच लिहून द्यायचं.

आणि स्पॅरिंगला दर वेळी नव्या जोडीदाराला सुरुवातीलाच सांगा: उजवा गुडघा, बाजूने लाथ नको. लाज वाटून गप्प राहणारे दुसऱ्यांदा ऑपरेशन टेबलावर जातात.

---

वस्तादांचा_पठ्ठ्या

आणि सर ऐकतच नसतील तर सर बदला. पठ्ठ्याचं अंग न बघता सगळ्यांना एकच डाव घोकायला लावतो तो वस्ताद कसला!

---

शंकासुर

चष्मेबहाद्दर, तीन महिन्यांनी चित्रीकरण टाका. तुमच्याहून जड आणि तुमचा डाव माहीत असलेल्या माणसाबरोबरचं. मित्राबरोबरचं चालणार नाही.